मावशी, ती घरी परत जाते का?

बालमित्रांनो, जपानी चित्रकथांना 'मंगा' म्हणतात हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते, मंगाचं पुस्तक हातात घेतलं की पहिली गंमत तिथंच होते. आपल्या पुस्तकाचं जे शेवटचं पान, ते मंगाचं पहिलं पान! चित्रंसुद्धा उजवीकडून डावीकडे बघत जायची. इंग्रजीत भाषांतर झालं तरी बहुतेक वेळा ही उलटी चाल तशीच ठेवतात.

माझा मुलगा पुण्याला शिकायला आहे. त्यानं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून असे दहा-बारा इंग्रजी खंड आणले आणि सुट्टी संपल्यावर इथंच टाकून गेला. त्यांचा ताबा घेतला माझ्या भाचीनं. ती नववीत आहे. तिचं गाव पारनेर तालुक्यात. गावातली शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीपासून ती आमच्याकडे नागापूरला राहते. नागापूर म्हणजे नगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्यावर, एमआयडीसीला लागून असलेलं गाव. आता ते शहरातच जमा झालंय. तिच्या गावी रात्री कोल्हे ऐकू यायचे, इथं शिफ्ट सुटल्याचे आवाज येतात. काका तिला चिडवायचे, "उलटं वाचून वाचून एक दिवस चालायला लागशील उलटी!" पण ती कसली ऐकतेय! एका हाताशी इंग्रजी-मराठी शब्दकोश, दुसऱ्या हाती मंगा, आणि भूक-तहान विसरून वाचन चालू.

तिला आवडतात त्या गोष्टींचा एक खास प्रकार आहे. जपानीत त्याला 'इसेकाई' म्हणतात, म्हणजे 'दुसरं जग'. एक साधी शाळकरी मुलगी असते. एका क्षणी काहीतरी घडतं आणि ती आपल्या जगातून उचलली जाऊन भलत्याच जगात पडते. तिथं राजे असतात, राक्षस असतात, शाप असतात. एक शूर आणि जरा अबोल राजपुत्र किंवा योद्धाही असतो. पुढे त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम जडतं, हे सांगायला नकोच!

'फुशिगी युगी' ही अशीच एक गाजलेली मंगा. यू वातासे यांनी ती १९९२ ते १९९६ या काळात मुलींच्या एका नियतकालिकात क्रमशः लिहिली आणि रेखाटली. तिची नायिका मियाका पंधरा वर्षांची आहे आणि कमालीची खादाड आहे. तिची प्रवेशपरीक्षा तोंडावर आलेली असते. आईचा हट्ट असतो की अमुकच नामांकित शाळेत प्रवेश मिळाला पाहिजे. अशात ती मैत्रिणीबरोबर ग्रंथालयात जाते, एक जुनं चिनी पुस्तक उघडते आणि चक्क त्या पुस्तकाच्या आत ओढली जाते! आत जुन्या चीनसारखा देश. तिथं देवतेची सेविका म्हणून तिला सात योद्धे शोधायचे असतात. गणिताच्या पेपरापेक्षा हे बरं, असं कुणालाही वाटेल, नाही का?

दुसरी मंगा क्योको हिकावा यांची 'कानाता कारा'. म्हणजे 'फार दुरून'. ही १९९१ ते २००३ अशी बारा वर्षं चालली आणि चौदा खंडांत पुरी झाली. २००४ साली तिला जपानमधला विज्ञानकथांसाठीचा 'सेइउन' पुरस्कार मिळाला. तिच्यातली नोरिको शाळेतून घरी निघालेली असते. वाटेत स्फोट होतो आणि ती एका अनोळखी जंगलात जाऊन पडते. बहुतेक गोष्टींत दुसऱ्या जगातले लोक नायिकेच्याच भाषेत बोलू लागतात. इथं मात्र तसं नाही. नोरिकोला तिथलं एक अक्षर कळत नाही. तिला वाचवणारा इझार्क काय म्हणतो तेही कळत नाही. पाणी, पोळी, थांब, पळ, असा एकेक शब्द वेचत ती भाषा शिकते. जादू नाही, तलवार नाही. हिची ताकद एवढीच, की ती घाबरली तरी शिकायचं थांबत नाही.

आता माझ्या भाचीची एक खोड सांगते. तुम्ही-आम्ही गोष्ट वाचताना कुणी शेवट सांगू लागलं तर कानांवर हात ठेवतो. हिचं उलट! नवी गोष्ट हातात आली की हिचा पहिला प्रश्न, "मावशी, ती घरी परत जाते का?" त्याचं उत्तर मिळाल्याखेरीज ती पान उलटत नाही. मग मला शेवटचा खंड चाळून सांगावं लागतं. मियाका परत जाते. नोरिको तिथंच राहते.

तिच्या वडिलांना हे वाचन मुळीच पसंत नव्हतं. ते फोनवर म्हणाले, "अक्का, शिकायला पाठवलीय तिला. राजपुत्रांची चित्रं बघत बसली तर दहावीला काय दिवे लावणार?" त्यांची काळजी खोटी नव्हती. मंगा म्हणजे फक्त लहान मुलांसाठी, अशीही समजूत नको. जपानमध्ये मुलांसाठी, मुलींसाठी, मोठ्या माणसांसाठी वेगवेगळ्या मंगा निघतात. इंग्रजी खंडांवर वयोगटाची खूण छापलेली असते. पालकांनी ती पाहावी आणि जमलं तर आधी स्वतः वाचावं. चिए शिनोहारा यांची हित्ती साम्राज्याची अठ्ठावीस खंडांची मंगा मी वाचली आणि "ही आणखी तीन वर्षांनी" म्हणून वरच्या फळीवर ठेवली. बाकीच्या आम्ही दोघी मिळून वाचतो. ती मला चित्रांचा क्रम सांगते, मी तिला इंग्रजी शब्द सांगते. तिच्या वडिलांना मी एवढंच म्हटलं, "दाजी, मुलगी काय वाचते हे बघण्यापेक्षा ती वाचताना काय विचारते ते ऐका." आणि तिचा तो प्रश्न त्यांना सांगितला. फोनवर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

खरं म्हणजे त्या प्रश्नातच या सगळ्या गोष्टींचा जीव आहे. राजपुत्र, घोडे, राजवाडे हे सगळं वरचं. आत नीट पाहिलं तर प्रत्येक नायिकेला कुणीतरी न विचारता उचलून नेलेलं असतं. शिनोहाराबाईंच्या गोष्टीतली युरी घ्या. ती आजच्या जपानमधली पंधरा वर्षांची मुलगी. तिला पाण्यातून ओढून नेतात ते थेट सव्वातीन हजार वर्षांहूनही मागे, हित्तींची राजधानी हात्तुशा इथं. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानात आहे. एका दुष्ट राणीला आपल्या मुलासाठी गादी हवी असते, म्हणून तिला या परक्या मुलीचा बळी द्यायचा असतो. युरीला कुणी विचारलं होतं का, की बाई, तुला यायचंय का म्हणून? तिला पहिल्यांदा सुचतं ते एकच, 'मला घरी जायचंय.' पुढचे सगळे खंड म्हणजे त्या एका वाक्याचं काय होतं त्याची हकीगत.

हे वाचताना मला राहून राहून वाटायचं, ही गोष्ट आपण कुठेतरी ऐकलीय. मागच्या श्रावणात उलगडा झाला. नागपंचमीला पाटावर नाग काढला, दूध-लाह्या ठेवल्या आणि रिवाजाप्रमाणे कहाणी वाचायला घेतली. ती तुमच्याही घरी वाचत असतील. एका घरात पुष्कळ सुना. श्रावणात कुणी माहेरी गेली, कुणी आजोळी गेली. धाकट्या सुनेला कुणीच नव्हतं. ती मनात म्हणाली, नागोबाच माझं माहेर, तोच मला न्यायला येईल. शेषनागाला दया आली. तो ब्राह्मणाचा वेष घेऊन 'मी हिचा मामा' म्हणत न्यायला आला. सासरच्यांना नवल वाटलं, हा मामा आजवर होता कुठे? पण मुलीनं ओळख सांगितली, हा माझा मामाच. वाटेत त्यानं खरं रूप दाखवलं, तिला फणीवर बसवलं आणि आपल्या बिळात, पाताळातल्या घरी नेलं.

भाची ऐकता ऐकता उठून बसली. "मावशी, ही तर आपली इसेकाई!"

"आहेच मुळी," मी म्हटलं. "नागापुरात राहून तुला नागाची गोष्ट जपानमार्गे कळावी लागली!"

पण तिचं लक्ष माझ्या थट्टेकडे नव्हतं. ती विचार करत म्हणाली, "पण हिचं उलटं आहे गं. मंगातली मुलगी घरातून परक्या जगात जाते. ही मात्र आधीपासूनच परक्या घरात आहे. पाताळातच तिला घर मिळतं."

मित्रांनो, मी ही कहाणी चाळीस वर्षं ऐकत-वाचत आलेय, पण असं कधी कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. ज्या बायकांनी या कहाण्या जात्याजवळ, देवघराजवळ एकमेकींना सांगितल्या, त्यांच्यातल्या कितीतरी आठव्या-नवव्या वर्षी लग्न होऊन सासरी आलेल्या असायच्या. ओळखीचं माणूस नाही, उठायची-बसायची रीत वेगळी, कधीकधी बोलीही वेगळी. दुसऱ्या जगात जाऊन पडण्याची गोष्ट त्यांना रचावी लागलीच नाही, ती त्या जगतच होत्या. म्हणून त्यांनी कल्पना केली ती परतीच्या वाटेची, सापाच्या बिळात का होईना, पण आपलं म्हणावं अशा माहेराची. त्या कहाणीतली मुलगी पाताळात चुकतेही. नागिणीच्या बाळंतपणात तिच्या हातातला दिवा पडतो आणि नागाच्या पिलांच्या शेपट्या जळतात. ती पिल्लं मोठी होऊन सूड घ्यायला येतात, तेव्हा बघतात तर काय, ही बाई पाटावर नाग काढून त्यांच्याच सुखासाठी प्रार्थना करतेय, त्यांना भाऊ म्हणतेय. राग विरतो. जाताना ती नवरत्नांचा हार ठेवून जातात. चूक होऊनसुद्धा तुटलं नाही, असं ते माहेर!

परक्या घरी आणखी एक गोष्ट हरवायची. नाव! हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' हा २००१ सालचा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याला पुढे ऑस्कर मिळालं. त्यातली दहा वर्षांची चिहिरो देवतांच्या आणि भुताखेतांच्या जगात अडकते. तिथली जादूगारीण तिचं नाव काढून घेते आणि नुसतं 'सेन' एवढंच ठेवते. हाकू नावाचा मुलगा तिला बजावतो, की स्वतःचं नाव विसरू नकोस, विसरलीस तर घरची वाट कायमची बंद! आता आपल्याकडे बघा. अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुना. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या आणि पुढे आपल्या नगरात राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, की जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याआड राहायचं.

आणि अगदी आपल्याच जिल्ह्यातली नायिका हवी असेल तर जामखेड तालुक्यातलं चौंडी गाव आहे. तिथं १७२५ साली माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी एक मुलगी जन्मली. १७३३ साली, वयाच्या आठव्या वर्षी तिचं लग्न होळकरांच्या घरी झालं आणि ती दूर माळव्यात गेली. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, आणि पाठोपाठ १७६७ साली मुलगा मालेरावही गेला. घोड्यावर बसवून पळवणारा राजपुत्र नाही की मदतीला सात योद्धे नाहीत! होतं ते सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेलं कारभाराचं ज्ञान. त्या बळावर अहिल्याबाईंनी महेश्वरहून १७९५ पर्यंत राज्य चालवलं आणि देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं ते यांच्याच नावावरून. ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "शेवट छान आहे. पण मावशी, आठ वर्षांची असताना तिला कुणी विचारलं असेल का?"

तो प्रश्न तिच्या मनात का आला ते मला दिवाळीत कळलं. सुट्टीला गावी जाऊन आली ती गप्प गप्प. तिसऱ्या दिवशी बोलली. सातवीपर्यंत जिच्याशेजारी बसली, त्या मैत्रिणीची शाळा बंद झाली होती. वस्तीपासून फाट्यापर्यंत तीन किलोमीटर वाट, पोरीनं एकटीनं जायचं कसं, म्हणून वडिलांनी घरी बसवली. घरी बसलेली मुलगी, म्हणून लग्नाची बोलणी सुरू. वय पंधरा! भाचीनं मला विचारलं, "तिला परत यायची वाट असेल का गं?"

गोष्टीतल्या मुलीसाठी मी शेवटचा खंड चाळून उत्तर देऊ शकत होते. इथं शेवट अजून लिहिला जायचा होता. मी लगेच माझ्या बहिणीला फोन लावला. ती अंगणवाडीच्या ताईंना घेऊन त्या घरी गेली. ग्रामसेवकही आले. खेड्यात बालविवाह थांबवण्याची जबाबदारी कायद्यानं त्यांच्यावर असते. त्यांनी शांतपणे समजावलं, की २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत लग्न लावणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा मुलीला नाही, लग्न लावणाऱ्या मोठ्यांना होते. पण नुसता कायदा सांगून भागत नाही, वाटेचं काय? माझे दाजी, तेच ते मंगावर चिडणारे, यांनी तोडगा काढला. वस्तीवरच्या पाचवी-सहावीतल्या दोन मुलीही त्याच शाळेला जायच्या होत्या. तिघींनी मिळून निघायचं आणि आठवडा वाटून एकेका घरच्या मोठ्या माणसानं फाट्यापर्यंत सोबत जायचं. पुढे एसटी आहेच. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, आणि त्या योजनेचं नाव काय, माहीत आहे? अहिल्याबाई होळकर योजना!

बोलणी थांबली. मैत्रीण शाळेत जाऊ लागली. बुडालेल्या अभ्यासाच्या वह्या भाचीनं उतरवून पाठवल्या, आणि त्यांच्याबरोबर 'कानाता कारा'चा पहिला खंडही, आतल्या पानावर 'उजवीकडून वाच' अशी सूचना लिहून.

कुणी म्हणेल, या गोष्टी म्हणजे पळवाट. मुलींना खऱ्या जगापासून दूर नेतात. मला तसं दिसलं नाही. युरीला शेवटी परतायची वाट मिळू शकत असते, आणि ती विचार करून तिथंच राहायचं ठरवते. पहिल्या खंडात तिला ओढून आणलं होतं, शेवटच्या खंडात ती स्वतःच्या पायांनी उभी राहून सांगते, मी इथली. मधले सगळे खंड लागतात ते एवढं एक वाक्य स्वतःचं व्हायला. दूर जाणं वाईट नाही. माझी भाचीही उद्या पुण्याला जाईल, कदाचित जपानलाही! पण जायचं तिनं ठरवावं, आणि परत यावंसं वाटलं तर दाराला कडी नसावी. पालकहो, एवढं तर आपल्या हातात आहे.

मुलांनो, तुमच्या आसपास कुणा मैत्रिणीची अशी बोलणी चालू असतील तर घाबरू नका, गप्पही बसू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा, किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो मुलांसाठीच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आणि एक छोटासा गृहपाठ देते. आज रात्री जेवण झाल्यावर तुमच्या आजीजवळ बसा. तिला विचारा, "आजी, लग्नाआधी तुझं नाव काय होतं? आणि या घरात पहिल्या दिवशी तुला कुणाशी बोलावंसं वाटलं?" मग मध्ये न बोलता ऐका. हिला खंड नाहीत, चित्रं नाहीत, पण गोष्ट अस्सल दुसऱ्या जगातली असेल. माझ्या भाचीनं तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, हे विचारलं. आईचं पहिलं नाव मलासुद्धा त्या दिवशीच कळलं.